मोजणी कोणी करायची : छोट्या बोर्डांवरची मेमरी आणि कर्नेल

बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत संगणक किती, असे कोणी विचारले तर आपली नजर टेबलांकडे जाते : तहसील कचेरी, बँक, शाळा, सेतू केंद्र. टेबलावर नसलेले संगणक मात्र त्याहून कितीतरी जास्त आहेत. रेशन दुकानात अंगठा टेकवायचे ई-पॉस यंत्र, एसटीच्या वाहकाच्या हातातले तिकीट यंत्र, बँक मित्राच्या पिशवीतले मायक्रो-एटीएम, महसूल मंडळात पाऊस आणि वारा टिपणारे स्वयंचलित हवामान केंद्र, या प्रत्येकाच्या पोटात तळहाताएवढा किंवा त्याहून लहान बोर्ड असतो. यांतल्या काहींचे काम अगदी साध्या मायक्रोकंट्रोलरवर भागते. त्यांची थोडी किलोबाइट मेमरी चिपच्या आतच असते आणि ती कधी बदलत नाही, म्हणून त्यांचा विचार इथे केलेला नाही. पण ज्या यंत्रांवर लिनक्ससारखी पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम चालते, तिथे मेमरीच्या चिपा मुख्य चिपच्या बाहेर असतात आणि त्या किती आहेत, केवढ्या आहेत हे बोर्डागणिक बदलते. वीज आल्यावर जागे झालेल्या कर्नेलला इतर कुठलेही काम हाती घेण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर लागते : माझ्या वाट्याला मेमरी किती, आणि ती कुठून कुठपर्यंत? या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. तो दिसतो तितका लहान नाही, हे दाखवण्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

टेबलावरच्या पीसीत हा प्रश्न कर्नेलपर्यंत पोहोचण्याआधीच बराचसा सुटलेला असतो. रॅमच्या प्रत्येक पट्टीवर एक चिमुकली वेगळी चिप बसवलेली असते. पट्टीची क्षमता, वेग, आतल्या ओळी आणि स्तंभ यांची संख्या तिच्यात कारखान्यातच लिहिलेली असते. बायोस ती वाचतो, त्यावरून मेमरी कंट्रोलर जुळवतो, आणि कर्नेलने विचारले की पत्त्यांचा एक तक्ता पुढे करतो : इथून इथपर्यंत वापरा, इथून इथपर्यंत हात लावू नका. छोट्या बोर्डावर पट्टीच नसते. रॅमची चिप सरळ बोर्डावर सोल्डर केलेली असते, आणि खर्च व जागा वाचवायची म्हणून स्वतःची माहिती सांगणारी ती वेगळी चिप बहुधा गाळलेली असते. बायोसही नसतो. त्याच्या जागी मुख्य चिपमध्ये कायमचा कोरलेला एक लहानसा प्रोग्रॅम असतो, आणि त्याने एसडी कार्डावरून किंवा फ्लॅशमधून उचललेला बूटलोडर असतो. कर्नेलला मेमरीचा हिशेब सांगायचा कोणी, हा प्रश्न इथे खरोखरच उघडा पडतो.

आजवर त्याला तीन तऱ्हांनी उत्तर दिले गेले. पहिली तऱ्हा म्हणजे कर्नेलच्या कोडमध्येच प्रत्येक बोर्डाचे नाव आणि त्यापुढे मेमरीचा आकडा लिहून ठेवणे. दुसरी म्हणजे कर्नेलने जागे झाल्यावर स्वतःच पत्ते चाचपून पाहणे. तिसरी म्हणजे कर्नेलच्या आधी जागा होणाऱ्या बूटलोडरने मोजणी करणे आणि ठरलेल्या नमुन्यात ती लिहून कर्नेलच्या हाती देणे. माझे मत ठामपणे तिसऱ्या तऱ्हेच्या बाजूचे आहे. मोजणी त्याने करावी ज्याला मेमरी जागी करण्यासाठी ती मोजणे भागच आहे. नोंद अशा ठिकाणी असावी की ती बदलायला कर्नेल पुन्हा बांधावे लागू नये. कर्नेलने नोंद पारखून घ्यावी, पण स्वतः साखळी घेऊन शेतात उतरू नये. कर्नेल एखाद्या बोर्डासाठी जुळवायचे म्हणजे त्यात त्या बोर्डाचा आकडा कोंबायचा, अशी समजूत नवशिक्यांत सर्रास आढळते. त्याचा खरा अर्थ उलटा आहे : बाहेरून आलेली नोंद नीट वाचता येईल असे ते करायचे.

साखळीचा उल्लेख इथे सहज केलेला नाही. जमिनीची मोजणी आणि तिची नोंद या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटल्या की काय होते, याचा अनुभव या मुलखाला जुना आहे. मुंबई इलाख्यात १८३० च्या सुमारास प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्याने आखलेली आकारणी जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाच्या एका सुबक सिद्धान्तावर उभी होती. सिद्धान्त चांगला असला तरी त्याच्या पायाशी असलेली मोजमापे सदोष होती, म्हणून ती थोड्याच वर्षांत मोडली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरात नव्याने हात घातला तेव्हा सिद्धान्त बाजूला ठेवून शेते पुन्हा मोजली, आणि १८३६ पासून तिथे नवा बंदोबस्त लागू झाला. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले, आणि १८६१ पासून याच मुंबई पद्धतीने तिथे पैमाईश सुरू झाली. तेहतीस फुटांची साखळी, तेहतीस गुणिले तेहतीस फुटांचा गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर ही मापे बुलढाण्याच्या शेतकऱ्याच्या बोलण्यात आजही आहेत. या पद्धतीतली दोन तत्त्वे आपल्या विषयाला थेट लागू पडतात. मोजणी जमिनीवर उभे राहून व्हावी, आणि तिचा निकाल सगळ्या गावांत एकाच नमुन्यात लिहिला जावा. सात-बारातला बारा नंबरचा नमुना म्हणजे पिकांची नोंद. ती पूर्वी तलाठी करत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, आणि शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, स्थानाच्या खुणेसह फोटो काढून ती नोंद करायची असे ठरले. नमुना तोच राहिला, फक्त माहिती भरणारा हात शेतापाशी गेला. बूटलोडर आणि कर्नेल यांच्यात मला हीच वाटणी हवी आहे.

आकडा चुकला तर नेमके काय बिघडते ते पाहिल्याशिवाय हा आग्रह पोकळ वाटेल. समजा बोर्डावर २५६ एमबी आहे आणि कर्नेलला ५१२ सांगितले. मेमरी कंट्रोलरकडून चिपकडे जाणाऱ्या पत्त्यांच्या तारांपैकी सर्वांत वरची तार अशा बोर्डावर कुठेच जोडलेली नसते. म्हणून २५६ एमबीच्या पलीकडचा पत्ता मागितला की ती तार दुर्लक्षिली जाते आणि तोच पत्ता पुन्हा खालच्या भागात येऊन पडतो. कर्नेलला वाटते आपण रिकाम्या जागी लिहीत आहोत. प्रत्यक्षात ते स्वतःच्याच कोडवर किंवा स्वतःच्या तक्त्यांवर लिहीत असते. कर्नेल सुरुवातीची काही महत्त्वाची खाती मेमरीच्या वरच्या टोकाकडून घेत असेल, तर ते पडद्यावर पहिली ओळ उमटण्याआधीच कोसळते आणि बोर्ड मेल्यासारखा दिसतो. याहून वाईट प्रकार म्हणजे ते लगेच कोसळत नाही. यंत्र सकाळी सुरू होते, पहिले पन्नास व्यवहार बिनबोभाट होतात, मेमरी हळूहळू भरत जाते, आणि भासाच्या हद्दीत पहिले पाऊल पडते त्या क्षणी यंत्र गप्प होते. दुकानासमोर रांग उभी असते. दोष शोधणारा माणूस नेटवर्क तपासतो, बॅटरी तपासतो, अंगठ्याचा सेन्सर तपासतो. आकडा उलट दिशेने चुकला, म्हणजे ५१२ असताना २५६ सांगितले, तर काहीच कोसळत नाही. यंत्र फक्त मंद चालते, एकेक प्रोग्रॅम मारला जातो, आणि कोणी तक्रारही करत नाही कारण ‘हे यंत्र असेच आहे’ असे सगळ्यांनी धरून चाललेले असते. या दुसऱ्या चुकीकडे मी जास्त गांभीर्याने पाहतो. पहिली चूक निदान स्वतःला जाहीर करते.

बोर्डाचे नाव पाहून आकडा लिहावा, हा मार्ग सर्वांत सोपा असल्याने सर्वांत आधी रुळला. एआरएम चिपांवरच्या लिनक्समध्ये प्रत्येक बोर्डासाठी एक सी फाइल असे, आणि तिच्यात गरज पडल्यास मेमरीचा आकडा दुरुस्त करणारे एक फंक्शन लिहिता येई. त्याच्या जोडीला बूटलोडरने मेमरीत ठेवलेल्या छोट्या चिठ्ठ्यांची माळ असे, आणि त्यातल्या एका चिठ्ठीत मेमरीची सुरुवात आणि लांबी. चिठ्ठी आली तर ठीक, नाही तर फाइलीतला आकडा. बोर्ड मोजके होते तोवर हे निभले. पुढे फोन आणि टॅब्लेट यांचा पूर आला, प्रत्येक कारखानदाराची वेगळी फाइल कर्नेलमध्ये येऊ लागली, आणि मार्च २०११ मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्याविरुद्ध जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यानंतर एआरएमने डिव्हाइस ट्रीचा रस्ता धरला. ही कल्पना नवी नव्हती. ओपन फर्मवेअरच्या १९९४ च्या प्रमाणकात ती होती आणि पॉवरपीसी बोर्डांवरच्या लिनक्समध्ये ती आधीच मुरली होती. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर काय काय आहे याचे कर्नेलबाहेर ठेवलेले वर्णन. त्यात मेमरीसाठी एक नोंद असते आणि तिच्यात महत्त्वाच्या दोनच गोष्टी असतात : सुरुवातीचा पत्ता आणि लांबी. बूटलोडर कर्नेलला हाक मारण्याआधी ही नोंद स्वतःच्या मोजणीप्रमाणे दुरुस्त करू शकतो. त्यामुळे एकच कर्नेल, एकच वर्णन आणि वेगवेगळी मेमरी असलेले अनेक बोर्ड हे जुळून येते.

नावावरून आकडा का ठरवू नये, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा रास्पबेरी पायने दिला. २०१२ च्या फेब्रुवारीत विक्रीला आलेल्या मॉडेल बी बोर्डावर २५६ एमबी मेमरी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून त्याच नावाचा, त्याच किमतीचा बोर्ड ५१२ एमबीसह येऊ लागला. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही मॉडेल बी. या बोर्डावर आधी जागा होतो तो ग्राफिक्सचा भाग. त्याचे फर्मवेअर मेमरी जागी करते, आपला वाटा काढून घेते आणि उरलेल्याची नोंद कर्नेलसाठी करून ठेवते. कर्नेलमध्ये त्यासाठी आकडा बदलावा लागला नाही. हे सगळे घडले कारण मोजणारा आणि लिहिणारा एकच होता, आणि तो कर्नेलच्या आधीचा होता.

आपल्याकडचे सर्वांत जवळचे उदाहरण पवईचे आहे. ‘आकाश’ टॅब्लेटची पहिली आवृत्ती ५ ऑक्टोबर २०११ ला जाहीर झाली. तिच्यावर २५६ एमबी मेमरी होती. तिच्या मर्यादा लवकरच लक्षात आल्या. पुढे आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पाची जबाबदारी आली, आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ आले. त्यात ऑलविनर ए१३ ही एक गिगाहर्ट्झची चिप आणि ५१२ एमबी मेमरी होती. टॅब्लेट अँड्रॉइडवर चालत असे, पण पवईच्या चमूने एसडी कार्डावरून चालणारी पूर्ण लिनक्सही त्यावर उतरवली, म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती सायलॅबसारखी साधने असलेला खरा संगणक येईल. आकाशच्या यशापयशावर बरेच लिहिले गेले आहे आणि तो वाद मी इथे उकरत नाही. मला त्यातली चिप महत्त्वाची वाटते. ए१३ ही स्वस्त चिप जगभरच्या असंख्य टॅब्लेटांत आणि छोट्या बोर्डांत बसवली गेली, आणि प्रत्येक कारखानदार बाजारात त्या दिवशी जी रॅम स्वस्त मिळेल ती लावत असे. ऑलविनरच्या पद्धतीत प्रत्येक बोर्डासाठी एक मजकुराची फाइल असे. तिच्यातल्या एका भागात रॅमचा प्रकार, घनता, तारांची रुंदी, एकूण क्षमता हे सगळे हाताने लिहिलेले असे. मुक्त बूटलोडर यू-बूट या चिपेवर आणणाऱ्यांनीही आधी तेच केले : दर बोर्डामागे एक सी फाइल, आणि तिच्यात घनता आणि रुंदीचे आकडे. २०१४ मध्ये हे बदलले. घनता आणि तारांची रुंदी बूटलोडरने स्वतः ओळखावी असा कोड यू-बूटमध्ये आला, आणि दर बोर्डामागे हे आकडे लिहून ठेवण्याची गरज संपली. या एका बदलात या पुस्तकाचा युक्तिवाद सामावलेला आहे, आणि म्हणून पुढच्या प्रकरणांत ए१३ पुन्हा पुन्हा येते.

बूटलोडरनेच का मोजावे, याचे कारण विजेच्या आणि तारांच्या पातळीवरचे आहे. डीडीआर रॅम ही वीज मिळताच वापरता येणारी वस्तू नाही. तिच्या ओळी किती, स्तंभ किती, डेटा आणि घड्याळ यांच्यात किती उशीर, हे सगळे कंट्रोलरला सांगितल्याशिवाय ती मुकी असते. हे काम करणारा कोड रॅममध्ये राहू शकत नाही, कारण रॅम अजून नाहीच. ए१३ वर मुख्य चिपमध्ये कोरलेला प्रोग्रॅम एसडी कार्डाच्या सुरुवातीपासून ८ केबी अंतरावर ठेवलेला बूटलोडरचा छोटा पहिला भाग उचलतो आणि चिपच्या आतल्या थोड्याशा एसरॅममध्ये ठेवून चालवतो. या टप्प्यावर बाहेरची सगळी रॅम रिकामी आहे, कोणाची नाही. तिच्यात कुठेही लिहिले तरी कोणाचे नुकसान नाही. कॅश अजून चालू नाही, त्यामुळे वाचलेले उत्तर खरोखर चिपेकडूनच आलेले आहे. कर्नेल जागे होते तेव्हा या तिन्ही गोष्टी संपलेल्या असतात. ते स्वतः त्याच मेमरीत बसलेले असते, त्याच्याजवळच डिव्हाइस ट्री ठेवलेले असते, आणि काही चिपांवर मेमरीचा एखादा भाग सुरक्षित म्हणून कुलूपबंद झालेला असतो. त्या कुलपाला हात लावला तर प्रोसेसर जागीच थांबतो. पत्त्यांच्या पुढच्या पट्ट्यात रॅम नसून एखाद्या उपकरणाचे रजिस्टर असेल, तर नुसते चाचपण्याने ते उपकरण भलतेच काम करू लागते. चाचपण्याची योग्य वेळ निघून गेलेली असते, आणि कर्नेल कितीही हुशार केले तरी ती परत आणता येत नाही.

मोजायचे कसे, याचे वर्णन दुसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे, पण त्यामागची कल्पना विहिरीवरच्या रहाटगाडग्याने समजते. गोल माळेत गाडगी किती हे माळ न उतरवता मोजायचे असेल तर एका गाडग्याला चुन्याचे बोट लावायचे आणि ते परत समोर येईपर्यंत मोजायचे. मेमरीतही पत्ते असेच फिरून येतात. म्हणून पायाच्या पत्त्यावर एक खूण लिहायची, मग दुप्पट-दुप्पट अंतरावरच्या जागी वेगळ्या खुणा लिहायच्या आणि कुठली खूण दुसरीवर चढली ते पाहायचे. यू-बूटमधले फंक्शन हेच काम मोठ्या अंतराकडून लहानाकडे येत करते, आणि आधी जे लिहिलेले होते ते जपून ठेवून शेवटी परत लावते. ५१२ एमबी म्हणजे ५३,६८,७०,९१२ बाइट. चार-चार बाइटांच्या शब्दांनी मोजले तर पाया धरून फक्त २८ जागा तपासाव्या लागतात. ‘मोजणीला वेळ लागेल’ हा आक्षेप इथेच संपतो. मेमरीचा प्रत्येक बाइट तपासणे ही दुरुस्तीच्या टेबलावरची वेगळी चाचणी आहे, आणि तिला वेळ लागतोच. एक सापळा मात्र नीट समजून घेतला पाहिजे. जिथे काहीच जोडलेले नाही अशा पत्त्यावर लिहून लगेच वाचले तर कधीकधी लिहिलेलेच परत मिळते, कारण तारांवर उरलेला विद्युतभार क्षणभर टिकतो. म्हणून लिहिणे आणि वाचणे यांच्या मध्ये दुसरीकडे वेगळे काही लिहावेच लागते. नवशिक्यांचा कोड इथे हमखास फसतो.

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप टाळण्यासारखे नाहीत. व्यवहारात सर्वाधिक ऐकू येणारा आक्षेप असा की इतका खटाटोप कशाला, कर्नेलला दिल्या जाणाऱ्या आज्ञांच्या ओळीत मेमरी ५१२ असे लिहून द्या, झाले. प्रयोगशाळेतल्या एका बोर्डासाठी हे खरोखर पुरते, आणि दोष शोधताना मीही तोच मार्ग सुचवीन. पण ती माणसाने लिहिलेली नोंद आहे. हजार यंत्रांच्या खेपेत मधल्या तीनशेंना कारखानदाराने वेगळी रॅम लावली, तर ती ओळ बदलायला कोणी येत नाही. नदीने खरवडून नेलेली जमीन सात-बारावर जशीच्या तशी राहते, तसे हे आहे. पूर्णेच्या काठच्या शेतकऱ्याला ते समजावून सांगावे लागत नाही.

यापेक्षा वजनदार आक्षेप बंद बूटलोडरचा आहे. पुष्कळ यंत्रांत बूटलोडर कारखानदाराने कुलूपबंद केलेला असतो. तो मोजणी करत नाही, केली तर सांगत नाही, किंवा जुन्या चिठ्ठ्यांच्या पद्धतीने सांगतो आणि डिव्हाइस ट्री त्याला माहीतच नसते. तिथे कर्नेलमध्ये हात घालण्यावाचून गत्यंतर नसते, हे मी मान्य करतो. पण हात कुठे घालायचा हे ठरवता येते. एआरएम लिनक्समध्ये अशी सोय आधीच आहे की कर्नेल उलगडताना, मुख्य कर्नेल चालू होण्याआधी, जुन्या चिठ्ठीतला मेमरीचा आकडा डिव्हाइस ट्रीच्या नोंदीत उतरवला जातो. हे भाषांतर दारातच होते. आतल्या कर्नेलला जुनी पद्धत ठाऊक असण्याचे कारण उरत नाही. चिठ्ठीही नसेल, तर चिपची कमाल मर्यादा माहीत असते आणि बोर्डाच्या आवृत्तीची खूण कुठेतरी मिळते. त्या खुणेवरून आकडा काढणारा लहानसा कोड याच दारात बसवावा. दाराच्या आत, मेमरी वाटणाऱ्या कोडमध्ये, बोर्डांची नावे येऊ देऊ नयेत. ही शिस्त सोडली की २०११ चा पसारा परत येतो.

मोजणीच्या रीतीलाही मर्यादा आहेत आणि त्या लपवणे बरोबर नाही. दुप्पट-दुप्पट अंतराची तपासणी ५१२ एमबी, १ जीबी, २ जीबी अशा क्षमता अचूक ओळखते. ७६८ एमबी किंवा ३ जीबी असलेल्या बोर्डावर ती चुकते, आणि तिथे मेमरीचे दोन तुकडे धरून प्रत्येक स्वतंत्र मोजावा लागतो. म्हणून आकड्याबरोबर तो कोणत्या रीतीने आला हेही लिहून ठेवावे असा माझा आग्रह आहे. लोणारच्या विवराकडे पाहिले की हे पटते. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची दखल घेतली. भोवती सगळा बेसॉल्ट, म्हणून ते ज्वालामुखीचे असावे असे बराच काळ मानले गेले. खाली छिद्रे पाडून काढलेल्या नमुन्यांत प्रचंड धक्क्यानेच बनणारी काच सापडली, आणि १९७३ मध्ये आघाताचा पुरावा प्रसिद्ध झाला. पृष्ठभागावरून बांधलेला अंदाज तिथे हरला. पण त्या आघाताच्या वयाचा प्रश्न निघाला तेव्हा एका रीतीने सुमारे ५२ हजार वर्षे आणि दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असे उत्तर आले. दोन्ही मोजण्याच होत्या. रीत माहीत असल्याशिवाय कोणताच आकडा नुसता घेता येत नाही. हे खडकांना लागू आहे आणि रॅमलाही.

उरतो तो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि बहुतेक पुस्तके तो दोन ओळींत उरकतात. मेमरी किती आहे आणि मेमरी किती वापरता येईल हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्या महसुली भाषेत यासाठी नेमका शब्द आहे : पोटखराबा. एखाद्या गटाच्या क्षेत्रात येते, पण लागवडीला धरले जात नाही असे क्षेत्र. त्याचेही दोन वर्ग असतात. वर्ग अ म्हणजे शेतीला निरुपयोगी जमीन, वर्ग ब म्हणजे रस्ता, पाणवठा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. कर्नेलच्या हिशेबात हे दोन्ही वर्ग जसेच्या तसे भेटतात. रॅमचा एखादा खराब पट्टा वर्ग अ मध्ये जातो. ग्राफिक्सला दिलेला वाटा, व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाला लागणारी सलग जागा, सुरक्षित फर्मवेअरची कुलूपबंद खोली, हे वर्ग ब. ऑलविनरच्या जुन्या कर्नेलांत व्हिडिओ आणि ग्राफिक्ससाठी अशी जागा आधीच बाजूला काढली जात असे. त्यामुळे ज्या यंत्राला पडदाच नाही, तिथेही तेवढी मेमरी पडीक राहायची. डिव्हाइस ट्रीत या राखीव पट्ट्यांना स्वतंत्र नोंद आहे, आणि कर्नेलमध्ये २०१० पासून असलेला मेमब्लॉक हा भाग सुरुवातीलाच दोन याद्या ठेवतो : असलेली मेमरी आणि राखलेली मेमरी. पैमाईश करणाऱ्याने गट आणि पोटखराबा वेगळे लिहावेत, तसेच हे आहे. पहिल्या यादीतूनच राखीव भाग कापून टाकणे, म्हणजे क्षेत्रच कमी दाखवणे, हा मोह प्रत्येक नव्या माणसाला होतो. तो टाळावा, कारण मग नंतर कोणी विचारले की ती ८० एमबी कुठे गेली, तर उत्तर कुठेच लिहिलेले नसते.

अशा यंत्रांची दुरुस्ती आणि पुढे त्यांची रचना करणारी मुले शेगावच्या, मलकापूरच्या, खामगावच्या तांत्रिक महाविद्यालयांतून बाहेर पडतात. शेगावचे संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून चालू आहे. म्हणजे एका संपूर्ण पिढीने तिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकले. त्यांना कर्नेल ही परक्यांनी बांधलेली, हात न लावायची वस्तू वाटू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून या पुस्तकासाठी मोठा बोर्ड लागत नाही. ए१३ सारखी जुनी चिप असलेला कोणताही बोर्ड, सिरियल पोर्टची एक केबल, आणि सेकंदाला १,१५,२०० बिटांच्या वेगाने तिच्यावरून येणाऱ्या ओळी वाचण्याचा धीर एवढे पुरते. वीज दिल्यावर आधी यू-बूटची ओळ येते, तिच्यात रॅमचा आकडा असतो : ५१२. थोड्याच सेकंदांत कर्नेलची ओळ येते, तिच्यात वापरता येणारी आणि एकूण मेमरी केबीत असते, आणि वापरता येणारी एकूणाहून नेहमी कमी असते. दोन्ही आकडे वहीत लिहून घ्यावेत आणि वजाबाकी करावी. कर्नेलच्या स्वतःच्या कोडला काही एमबी गेली. ५१२ एमबीची ४ केबीची १,३१,०७२ पाने होतात, आणि बत्तीस बिटांच्या कर्नेलमध्ये प्रत्येक पानामागे ठेवायची नोंद साधारण ३२ बाइटांची, म्हणजे त्या वहीलाच ४ एमबी लागली. ग्राफिक्सचा वाटा किती, डिव्हाइस ट्रीने किती घेतले, हे एकेक शोधून खात्यावर मांडावे. हिशेब शेवटच्या पानापर्यंत जुळला नाही तर पहिल्या प्रकरणाकडे न जाता आधी त्या राहिलेल्या पानांचा माग काढावा.